बंद माग

चौदा नंबर अकरा महिने बंद होता.
इरय्या गुंडेटी बोनसच्याही आधी गेला,
कुणी म्हणे सुरतेला, कुणी म्हणे सिरसिल्ल्याला,
आणि शेठनं त्याच्या मागावर एक चादर टाकली,
मोराची मान चुकलेली,
बाजारात न चालणारी.

आता टॉवेलची ऑर्डर आली.
शेठ म्हणाले, "जॉबर, तेल घाल आन सोड चालू.
फिरलाच न्हाई, तर झिजंल कशाला?"

तेल घातलं. बटण दाबलं.
खडखड चालते आम्हाला, खडखडीतच झोपतो आम्ही.
हे तसं नव्हतं.
जात्यात बारका खडा यावा
आणि दळणारीनं हात थांबवू नये,
तसं.

पाना लावला. नट हलेना.
हातोडीचे चार घाव घातले, एक बोटावर.
बेअरिंग बाहेर आलं तेव्हा
माझ्या तळव्यावर तांबडी भुकटी सांडली.

गंज म्हणावा, तर ओल कुठली?
अक्कलकोट रोडला मे महिना,
घाम जमिनीला टेकायच्या आत वाळतो,
नळ पाचव्या दिवशी सुटतो.
बोटांत चोळून बघितली. तपकिरीसारखी मऊ.
विड्या वळून उठताना
बायकोच्या पदरातून झडते
तिच्या रंगाची.

चंद्रय्या वस्ताद सांगायचे,
तोंडात सुपारी, डोळे शाफ्टवर:
"लोखंड पळून मरत न्हाई बे.
फिरणारं आपलं तेल आपणच ओढून घेतं अंगावर.
उभं ऱ्हायलेल्याचं तेल बाजूला सरतं, हळूच,
मग लोखंडावर लोखंड, उघडं.
जागचं हलत न्हाई म्हणतोस?
हलतंय की.
केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढं.
रातपाळी, दिवसपाळी."

तेरा चालू होता. पंधरा चालू होता.
धोटा इकडून तिकडे, मिनिटाला सव्वाशे वेळा,
आणि प्रत्येक ठोका फरशीखालून
चौदाच्या पायांत चढत होता
अकरा महिने.

चिंधीनं कडं पुसलं, उजेडात धरलं.
आतल्या अंगाला नऊ खड्डे,
सारख्या अंतरावर, नखाला लागतील एवढे.
जिथं जिथं छर्रा थांबला होता
तिथं तिथं.

शेठनं बघितलं. म्हणाले,
"कंपनीनंच मालात खोट दिली. पावती हाय का?"
पावती नव्हती.

संध्याकाळी मागच्या गल्लीत गेलो.
इरय्याची बायको, बालमणी,
कारखान्याच्या भिंतीला लागूनच राहते अजून.
तिची फळी, फळीवर स्टीलची भांडी,
पाळी चालू असेतोवर किणकिणतात बारीक,
तिला ऐकू येत नाही, मला येतं.

"चौदा चालू झाला?" तिनं विचारलं.
दुसरं काहीच नाही विचारलं.
"उद्या होईल," म्हणालो, "बिहारचा पोरगा आहे."

चहाची साखर काढायला
तिनं पुढचा डबा उचलून माझ्या हातात दिला.
तीन खणांचा, जेवणाचा.
शेवटचा इरय्यानंच धुऊन ठेवलेला,
तेव्हापासून कुणी उघडला नाही.
बुडाशी एक काळी गोल रेघ,
आणि फळीच्या पत्र्यावर तिची जोडीदार.
बोट फिरवलं. पत्रा पातळ लागला.

"हे कशानं वो?" ती म्हणाली,
"वापरात तर न्हाई."

जॉबरला असलं सांगता येतं.
छर्रे, कडं, तेल, सगळं सांगता आलं असतं.
मी खांद्यावरची चिंधी चौपदरी केली,
ग्रीसचा डाग आत गेला,
आणि डब्याखाली घातली.

साखर मागच्या डब्यात होती.
भिंतीपलीकडे रातपाळीनं पट्टे चढवले.
बाकीची भांडी वाजू लागली.